झेड८० बंद झाला, तरी जुन्या-नव्या चिप्सचं भांडण का मिटत नाही?

एप्रिल २०२४ मध्ये झायलॉग कंपनीने ग्राहकांना कळवलं की सुट्या झेड८० प्रोसेसरचं उत्पादन थांबतंय आणि शेवटच्या ऑर्डरी १४ जूनपर्यंत घेतल्या जातील. १९७६ साली आलेली ही चिप जवळपास ४८ वर्षं बनत होती. बातमी फुटली आणि हौशी इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांमधला जुना वाद पुन्हा पेटला. एका बाजूचं म्हणणं, गळे कशाला काढता, नखाएवढ्या नव्या चिपमध्ये असे कितीतरी झेड८० मावतील. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, मावतील, पण आत काय चाललंय ते तुम्हाला दिसणार नाही.

बाहेरच्या माणसाला हा आठवणींत रमण्याचा प्रकार वाटतो. थोडा आहेही. पण त्याच्या खाली खरे तांत्रिक मुद्दे आहेत आणि ते समजले की पुढच्या प्रोजेक्टसाठी कोणती चिप घ्यायची हे ठरवता येतं. मत आधीच सांगून टाकतो: ‘जुनं सोपं, नवं अवघड’ हे जितकं चूक, तितकंच त्याच्या उलटही चूक. जुन्या चिपची डोकेदुखी वायरींमध्ये असते. नव्या चिपची डोकेदुखी सॉफ्टवेअरमध्ये आणि हजार पानी कागदपत्रांत असते. कोणती परवडते, एवढाच प्रश्न आहे.

## प्रोसेसर वेगळा, मायक्रोकंट्रोलर वेगळा

वादातला निम्मा गोंधळ इथेच होतो. झेड८० आणि ६५०२ हे मायक्रोप्रोसेसर आहेत, म्हणजे नुसतं इंजिन. टाकी, चाकं, हँडल सगळं आपण जोडायचं. प्रोग्रॅम ठेवायला रॉम, कामाच्या नोंदींना रॅम, बाहेरच्या जगाशी बोलायला इनपुट-आउटपुट चिप आणि ठोके द्यायला क्लॉक. ८०५१, एटीमेगा३२८पी, ईएसपी३२ हे मायक्रोकंट्रोलर, म्हणजे किल्ली फिरवली की निघणारी गाडी. रॅम, टायमर, सिरियल पोर्ट एकाच चिपमध्ये, आणि प्रोग्रॅमची जागा बहुतेक वेळा तिच्यातच.

म्हणून ‘झेड८० बरा की ईएसपी३२’ ही तुलनाच तिरकी आहे. झेड८० ची खरी जोडी ६५०२ शी. ईएसपी३२ चा जुना भाऊबंद शोधायचा तर तो ८०५१. इंटेलने १९८० मध्ये आणलेल्या त्या चिपमध्ये ४ किलोबाइट रॉम आणि १२८ बाइट रॅम होती. ईएसपी३२ मध्ये रॅमच ५२० किलोबाइट आहे, २४० मेगाहर्ट्झचे दोन कोअर आहेत आणि वर वाय-फाय.

## बंद नेमकं काय झालं?

बंद झाली ती सुटी झेड८० चिप. त्याच घराण्यातला ईझेड८० चालू आहे. १९७५ च्या ६५०२ चा सीमॉस (कमी वीज खाणाऱ्या बनावटीचा) अवतार, डब्ल्यू६५सी०२एस, वेस्टर्न डिझाइन सेंटर आजही नवा कोरा विकतं आणि ५ व्होल्टवर तो १४ मेगाहर्ट्झपर्यंत चालतो. ८०५१ तर सगळ्यांत चिवट. इंटेलची मूळ चिप केव्हाच गेली, पण तिची आज्ञावली घेऊन सिलिकॉन लॅब्स, नुवोटॉन, डब्ल्यूसीएच अशा कंपन्या वेगवेगळ्या चिप्स बनवतात. डब्ल्यूसीएचच्या सीएच५५२ मध्ये तर ८०५१ ला थेट यूएसबी जोडलेलं आहे.

तेव्हा ‘जुनं’ म्हणजे ‘न मिळणारं’ असं धरून चालू नका. आज विकत घेतलेली ६५सी०२ गेल्या वर्षी बनलेली असू शकते.

## ‘नवी चिप दहापट वेगवान, मग जुनी घ्यायची कशाला?’

हा आक्षेप सगळ्यांत आधी येतो. त्यात तथ्यही आहे, पण वेग म्हणजे काय ते आधी बघू.

एटीमेगा३२८पी, म्हणजे अर्डुइनो उनोवरची चिप, १६ मेगाहर्ट्झवर चालते. एक ठोका ६२.५ नॅनोसेकंदांचा. बहुतेक आज्ञा एका किंवा दोन ठोक्यांत संपतात, आणि किती ठोक्यांत ते डेटाशीटमध्ये, म्हणजे चिपच्या माहितीपत्रकात, छापलेलं असतं. कागदावर मोजलेला वेळ आणि ऑसिलोस्कोपवर दिसणारा वेळ एकच निघतो. ईएसपी३२ किंवा आरपी२०४० (रास्पबेरी पाय पिको बोर्डवरची चिप) मध्ये प्रोग्रॅम बाहेरच्या फ्लॅश चिपमध्ये असतो आणि कॅशमधून, म्हणजे हाताशी ठेवलेल्या छोट्या वेगवान मेमरीतून, चालतो. हवी ती आज्ञा कॅशमध्ये असेल तर काम झटकन होतं. नसेल तर फ्लॅशमधून आणेपर्यंत थांबावं लागतं. सरासरी वेग प्रचंड, पण ‘हीच ओळ नेमकी किती वेळात’ याचं उत्तर दर वेळी वेगळं.

डब्ल्यूएस२८१२ या रंगीत एलईडी पट्टीवर हे लख्ख दिसतं. तिचा एक बिट १.२५ मायक्रोसेकंदांचा. शून्य पाठवायचा तर सिग्नल साधारण ०.४ मायक्रोसेकंद वर ठेवायचा, एक पाठवायचा तर ०.८. सूट दीडशे नॅनोसेकंदांच्या आसपास. एटीमेगाकडे एका बिटसाठी २० ठोके असतात, तेवढ्यात हे नीट बसतं. अट एकच: पाठवताना इंटरप्ट, म्हणजे हातातलं काम मधेच थांबवून दुसरीकडे बोलावणाऱ्या हाका, बंद. ३०० एलईडींसाठी ३०० × २४ × १.२५ मायक्रोसेकंद, म्हणजे ९ मिलिसेकंद चिप बहिरी. तेवढ्यात मिलिसेकंदांचा हिशेब ठेवणारा टायमर मागे पडतो आणि सिरियलवर आलेले बाइट गळतात. ‘पट्टी लावल्यापासून घड्याळ मागे पडतंय’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा हेच.

तेच काम ईएसपी३२ वर साध्या लूपने करायला गेलात तर वाय-फायचे इंटरप्ट मधे घुसतात आणि पट्टी भलतेच रंग दाखवते. तिथे आरएमटी नावाचं वेगळं हार्डवेअर वापरायचं. आरपी२०४० वर पीआयओ. पीआयओ म्हणजे मुख्य प्रोसेसरला न विचारता पिना हलवणारी आठ चिमुकली यंत्रं, प्रत्येक आज्ञा बरोबर एका ठोक्याची. गंमत अशी की नव्या चिपने जुन्या चिपचा काटेकोरपणा परत मिळवला तो पोटात छोटे, साधे, जुन्या वळणाचे प्रोसेसर बसवून. नव्या चिप्सच्या बाजूने बोलणाऱ्यांनी पीआयओचं कौतुक जरूर करावं. ती जुन्या विचाराचीच पावती आहे.

बाकी कामांत मात्र वाद नाही. आवाजाचं विश्लेषण, कॅमेरा, एन्क्रिप्शन, मोठा डिस्प्ले यांना ८ बिट चिप पुरत नाही. ३२० × २४० चं चित्र १६ बिट रंगांत दीडशे किलोबाइट घेतं. एटीमेगाची रॅम २ किलोबाइट.

## ५ व्होल्ट आणि ३.३ व्होल्ट: खरी मारामारी इथे

चर्चा वेगाची होते, चिप्स जळतात व्होल्टेजमुळे. जुन्या बहुतेक चिप्स ५ व्होल्टच्या, नव्या ३.३ च्या. कारण साधं आहे. ट्रान्झिस्टर लहान होत गेले तसा त्यातला इन्सुलेशनचा थर पातळ झाला, तो जास्त व्होल्टेज सोसत नाही. आरपी२०४० चा गाभा तर १.१ व्होल्टवर चालतो, ३.३ फक्त बाहेरच्या पिनांसाठी.

आता दोन्ही दिशा वेगळ्या बघू.

३.३ व्होल्टची चिप ५ व्होल्टच्या चिपशी बोलते तेव्हा काही जळत नाही, पण समोरच्याला ऐकू येतं का, हा प्रश्न. ५ व्होल्टवरच्या एटीमेगाला ‘एक’ समजायला किमान ३ व्होल्ट लागतात. ३.३ मध्ये काम भागतं. ७४एचसी मालिकेतल्या चिपला साडेतीन लागतात, म्हणजे ३.३ कमीच. ७४एचसीटी मालिकेला मात्र २ पुरतात. नावात एका ‘टी’चा फरक, परिणाम चालू-बंदइतका. वरच्या एलईडी पट्टीला ५ व्होल्टवर साडेतीन लागतात, म्हणून ती टेबलावर छान चालते आणि लांब वायर लावली की पहिलाच एलईडी भलतं चमकतो. उपाय: मधे ७४एएचसीटी१२५ टाका, तिला ५ व्होल्ट द्या.

उलट दिशा धोक्याची. ५ व्होल्टचा सिग्नल ईएसपी३२ च्या पिनवर देऊ नका. एकच दिशा असेल, जसं सिरियल डेटा, तर दोन रेझिस्टर पुरतात: सिग्नलकडून १.८ किलोओहम, जमिनीकडे, म्हणजे ग्राउंडकडे, ३.३ किलोओहम. मधल्या बिंदूवर सुमारे ३.२ व्होल्ट मिळतात. आय२सी सारख्या दोन्हीकडून बोलणाऱ्या वायरीला ही जोडी चालत नाही. तिथे बीएसएस१३८ मॉस्फेट आणि दोन्ही बाजूंना पुल-अप, म्हणजे वायर पुरवठ्याकडे वर ओढून धरणारे रेझिस्टर, असलेला छोटा लेव्हल शिफ्टर लावायचा.

‘पण मी थेट जोडलंय आणि चालतंय की!’ चालतं. पिनच्या आत संरक्षणासाठी डायोड असतो, तो जादाचा प्रवाह पुरवठ्याकडे वळवतो. त्याची ताकद बेताची. शिवाय ३.३ व्होल्टचा पुरवठा बंद आणि ५ व्होल्टचा सिग्नल चालू असेल तर त्याच डायोडमधून अख्ख्या चिपला चोरून वीज मिळते. ती अर्धवट जागी राहते आणि पॉवर बंद करून चालू केली तरी रीसेट होत नाही. असं भूत दिसलं तर प्रोग्रॅम तपासण्याआधी ही वायर तपासा.

अपवाद आहेत. ‘ब्लू पिल’ बोर्डवरच्या एसटीएम३२एफ१०३ च्या बऱ्याच पिना ५ व्होल्ट सोसतात. डेटाशीटच्या पिन-तक्त्यात त्यांच्यापुढे ‘एफटी’ लिहिलेलं असतं. अ‍ॅनालॉग इनपुटच्या पिना त्यात नाहीत.

प्रवाहाचंही तेच. एटीमेगाची पिन ४० मिलिअँपिअरला मरणाच्या दारात पोचते, २० पर्यंत बिनधास्त वापरा. आरपी२०४० मध्ये जास्तीत जास्त सेटिंग १२ मिलिअँपिअरचं आणि सगळ्या पिनांची बेरीज ५० च्या आत हवी. उनोवर थेट एलईडी लावायची सवय असलेला माणूस पिकोवर तसेच दहा एलईडी लावतो आणि मग चिपला नावं ठेवतो.

## ‘जुनी चिप शिकायला सोपी’ हे कितपत खरं?

सोपी नाही, पण संपणारी आहे. एसटीएम३२एफ१०३ चं संदर्भपुस्तक हजार पानांच्या वर जातं, आरपी२०४० ची डेटाशीट सहाशेच्या वर. ते कुणी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत नाही, लायब्ररी वापरतो. झेड८० मध्ये साधारण ८,५०० ट्रान्झिस्टर आहेत. एका माणसाच्या डोक्यात तो पूर्ण मावतो.

एका प्रयोगात हे अनुभवता येतं. झेड८० ला मेमरी न जोडता चालवायचं. त्याच्या भाषेत ०० या बाइटचा अर्थ ‘काही करू नकोस, पुढे जा’. आठही डेटा पिना जमिनीला बांधल्या की तो कुठूनही वाचो, त्याला ०० च मिळतं आणि तो पत्ते मोजत पुढे सरकतो.

सामान थोडं: सीमॉस झेड८०, म्हणजे अंगावर झेड८४सी०० लिहिलेला. १ किलोओहमचे आठ रेझिस्टर, १० किलोओहमचे पाच, ०.१ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर, एक बटण, एलईडी आणि २.२ किलोओहमचा रेझिस्टर. पिन ११ ला ५ व्होल्ट, २९ ला जमीन, कपॅसिटर या दोघांमध्ये चिपला चिकटून. डेटा पिना ७, ८, ९, १०, १२, १३, १४, १५ प्रत्येकी १ किलोओहममधून जमिनीला. थेट जमिनीला बांधू नका. रीसेट होण्याआधी चिप एखाद्या क्षणी बाहेर लिहायला गेली तर पिन शॉर्ट होईल. पिन १६, १७, २४, २५ या इंटरप्ट, वेट आणि बस-रिक्वेस्टच्या, त्या १० किलोओहममधून ५ व्होल्टला. पिन २६ रीसेट, तीही तशीच वर बांधायची आणि बटणाने जमिनीला टेकवायची. पिन ६ ला क्लॉक, पिन ५ ला, म्हणजे पत्त्याच्या सगळ्यांत वरच्या ओळीला, ए१५ ला, रेझिस्टरमधून एलईडी.

क्लॉक १०० किलोहर्ट्झचा द्या. बरेच जण इथे अडकतात. ‘५५५ टायमर चिप लावली, ठोके दिसतात, पण झेड८० मेला आहे.’ तो मेलेला नसतो. बाकीच्या पिनांना ‘एक’ म्हणून सव्वादोन व्होल्ट पुरतात, पण क्लॉकच्या पिनला पुरवठ्यापेक्षा फक्त ०.६ व्होल्ट कमी चालतं, म्हणजे किमान ४.४. साध्या ५५५ चं आउटपुट तिथवर पोचत नाही. सीमॉसवाला ७५५५ घ्या, किंवा साध्या ५५५ च्या आउटपुटपासून ५ व्होल्टपर्यंत १ किलोओहम लावा, किंवा सरळ ५ व्होल्टच्या अर्डुइनोकडून ठोके घ्या.

आता हिशेब. एका ‘काही करू नकोस’ला चार ठोके. ए१५ बदलायला ३२,७६८ पत्ते मोजावे लागतात, म्हणजे १,३१,०७२ ठोके. १०० किलोहर्ट्झला १.३ सेकंद. बटण दाबून सोडलं की एलईडी १.३ सेकंद बंद, मग १.३ सेकंद चालू. नीट पाहिलं तर तो पूर्ण तेजाने पेटत नाही. चारपैकी दोन ठोक्यांत झेड८० डायनॅमिक रॅमला ताजं ठेवण्यासाठी वेगळाच पत्ता बाहेर काढतो आणि तेव्हा वरच्या आठ ओळींवर आय रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरच्या आतली आय नावाची एक बाइटची नोंदजागा, असतं. रीसेटनंतर त्यात शून्य, म्हणून त्या अर्ध्या वेळात एलईडी विझलेला. प्रोसेसरच्या आतली एक घडामोड साध्या डोळ्यांनी, एलईडीच्या मंदपणातून दिसते. नव्या चिपवर हे दिसणार नाही, कारण तिच्या पत्त्यांच्या ओळी बाहेर येतच नाहीत.

चिपजवळ हात नेल्यावर एलईडीचं वागणं बदलत असेल तर कुठली तरी इनपुट पिन अधांतरी आहे. बहुतेक वेळा २४ किंवा २५.

इतकं झालं तरी अजून काहीच उपयोगी झालेलं नाही, हेही खरं. खरा संगणक बनवायचा तर ३२ किलोबाइट रॉम, ३२ किलोबाइट रॅम, पत्ते वाटून देणारी एक-दोन ७४ मालिकेतली चिप, सिरियल चिप आणि शंभरेक वायरी. प्रत्येक चिपजवळ ०.१ मायक्रोफॅरड हवाच. तो नसेल तर मशीन १ मेगाहर्ट्झला चालेल आणि ४ ला कोसळेल.

## जुन्यांचेही नखरे

८०५१ वर पहिला प्रोग्रॅम लिहिणारा हमखास दोन ठिकाणी फसतो. पहिलं: पिन आणि जमीन यांच्यात एलईडी लावतो, तो पेटत नाही. पारंपरिक ८०५१ ची पिन वर ओढताना जेमतेम काही मायक्रोअँपिअर देते, खाली मात्र नीट खेचते. म्हणून एलईडी ५ व्होल्टकडून रेझिस्टरमधून पिनकडे लावायचा आणि पेटवायला पिनवर शून्य लिहायचा. पोर्ट ० ला तर आतला पुल-अपही नाही, बाहेरून १० किलोओहम लावावे लागतात.

दुसरं: १२ मेगाहर्ट्झचा गोल आकडा बघून क्लॉकसाठी तोच क्रिस्टल घेतो आणि सिरियलवर कचरा येतो. जुना ८०५१ क्लॉकला १२ ने भागतो, सिरियलसाठी पुन्हा ३२ ने. ११.०५९२ मेगाहर्ट्झ घेतले तर २८,८०० उरतात, त्याला ३ ने भागलं की बरोबर ९,६००. १२ मेगाहर्ट्झचे ३१,२५० होतात, ३ ने भागून १०,४१७. साडेआठ टक्के चूक. सिरियल जोडणी एवढी चूक सोसत नाही. तो विचित्र आकडा असा मुद्दाम निवडलेला आहे.

एटीमेगाचं दुखणं फ्यूज बिट. फ्यूज म्हणजे क्लॉक कुठून घ्यायचा वगैरे ठरवणारी, वीज गेली तरी टिकणारी सेटिंग. ब्रेडबोर्डवर क्रिस्टल नसताना ‘बाहेरचा क्लॉक’ निवडला की प्रोग्रॅमर म्हणतो चिपच सापडत नाही. फेकू नका. दुसऱ्या अर्डुइनोकडून एक्सटाल१ पिनवर, म्हणजे डिप (दोन ओळींत पाय असलेल्या) चिपच्या पिन ९ वर, १ मेगाहर्ट्झचे ठोके द्या, प्रोग्रॅमरचा वेग त्याच्या चौथ्या भागापेक्षा कमी ठेवा आणि फ्यूज पुन्हा लिहा. रीसेटची पिनच फ्यूजने बंद केली असेल तर मात्र हा उपाय चालत नाही, १२ व्होल्ट देणारा प्रोग्रॅमर लागतो.

आणि ८ बिटवाल्यांचा लाडका सापळा: उनोवर ६० गुणिले १००० लिहा, उत्तर येतं उणे ५,५३६. तिथे साधा पूर्णांक १६ बिटचा, कमाल ३२,७६७. आकड्यापुढे ‘यूएल’ जोडला की सुटतो. हाच प्रोग्रॅम ईएसपी३२ वर बिनचूक चालतो, म्हणून नव्यावरून जुन्यावर आणलेला प्रोग्रॅम काही न बदलता बिघडतो.

## ‘नव्या चिपमध्ये दोष कमी असतात ना?’

दोष जुन्यात होते, नव्यातही आहेत. मूळ ६५०२ मध्ये अप्रत्यक्ष उडीचा पत्ता पानाच्या (मेमरीच्या २५६ बाइटच्या तुकड्याच्या) शेवटच्या बाइटवर असेल तर चिप दुसरा अर्धा भाग त्याच पानाच्या सुरुवातीतून उचलायची. सीमॉस आवृत्तीत ते दुरुस्त झालं. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या आरपी२३५० च्या पहिल्या आवृत्तीत इनपुट पिन आतल्या पुल-डाउनने शून्यावर परत येत नसे, दोन-सव्वादोन व्होल्टवर अडकून राहायची. बटण सोडलं तरी दाबलेलंच. बाहेरून ८.२ किलोओहम किंवा त्याहून कमी रेझिस्टर लावला की काम होतं. पुढच्या ए४ आवृत्तीत हा दोष काढला आहे. नवी चिप हातात घेतली की डेटाशीटच्या आधी तिच्या दोषांची यादी वाचावी, ती लहान असते आणि जास्त वेळ वाचवते.

ईएसपी३२ बाबत येणाऱ्या तक्रारींत चिपचा दोष क्वचित. वाय-फाय चालू होताच बोर्ड रीसेट होतो आणि सिरियलवर ‘ब्राउनआउट’ येतं, तेव्हा पुरवठा कमी पडलेला असतो. किमान ५०० मिलिअँपिअर देणारा पुरवठा, जाड आणि आखूड यूएसबी केबल आणि ३.३ व्होल्ट पिनजवळ १०० ते ४७० मायक्रोफॅरड. पिना निवडतानाही जपून. ६ ते ११ फ्लॅशला जोडलेल्या, हात लावू नका. ३४ ते ३९ फक्त इनपुट, त्यांना आतले पुल-अपही नाहीत. १२ सुरू होताना वर ओढलेली असेल तर चिप फ्लॅशला १.८ व्होल्ट समजते आणि उठतच नाही. दुसऱ्या एडीसीच्या (व्होल्टेज मोजून आकडा देणाऱ्या भागाच्या) पिना वाय-फाय चालू असताना अ‍ॅनालॉग वाचायला धरू नका.

## बॅटरीचं काय?

इथे चिपपेक्षा बोर्ड गुन्हेगार असतो. एटीमेगा३२८पी गाढ झोपेत एका मायक्रोअँपिअरपेक्षाही कमी घेते, वॉचडॉग, म्हणजे ठरावीक वेळाने उठवणारा आतला टायमर, चालू ठेवला तरी चार-पाच. पण उनो बोर्ड तसाच झोपवला तर यूएसबी चिप, रेग्युलेटर आणि पॉवरचा एलईडी जागेच असतात. ईएसपी३२ चिपची गाढ झोप सुमारे १० मायक्रोअँपिअरची, पण बऱ्याच स्वस्त बोर्डांवरचा एएमएस१११७ रेग्युलेटर एकटा ५ मिलिअँपिअर खातो. २,००० मिलिअँपिअर-तासांचा सेल काहीही न करता १६-१७ दिवसांत संपला. बॅटरीवर चालवायचं तर चिपची नव्हे, रेग्युलेटरची डेटाशीट उघडा: स्वतःचा प्रवाह काही मायक्रोअँपिअर आणि क्षमता ५०० मिलिअँपिअरच्या वर.

पाच-दहा मिनिटांनी एक तापमान नोंदवणारं यंत्र बनवायचं असेल आणि वाय-फाय नको असेल तर सुटी एटीमेगा आजही उत्तम. आरपी२०४० या कामाला घेऊ नका, तिची झोप शेकडो मायक्रोअँपिअरची आहे.

## खोटा माल

जुन्या चिप्स विकत घेताना अंगावरची अक्षरं पुरावा मानू नका. जुन्या एनमॉस (सीमॉसच्या आधीच्या, जास्त वीज खाणाऱ्या बनावटीच्या) झेड८० घासून त्यावर २० मेगाहर्ट्झ सीमॉस असं छापलेलं सापडतं. मल्टिमीटर पुरवठ्याच्या वायरीत घाला. एनमॉस शंभर मिलिअँपिअरच्या आसपास ओढते आणि बोटाला कोमट लागते. सीमॉस त्याच्या एका अंशावर चालते आणि क्लॉक थांबवला तर जवळपास काहीच घेत नाही. नव्यातही नकला आहेत. ब्लू पिलवरची खरी एसटीएम३२ डीबगरला ०एक्स१बीए०१४७७ ही ओळख देते. ०एक्स२बीए०१४७७ आली तर चिप दुसऱ्याच कंपनीची. ती वाईटच असेल असं नाही, पण अडचण आली तर एसटीच्या कागदपत्रांवर विसंबू नका.

## मग घ्यायचं काय?

नेटवर्क हवं असेल तर ईएसपी३२, त्यात दुमत नाही. अचूक वेळेचं आणि थोडी जास्त मेमरी लागणारं काम असेल तर पिको. मोटर, रिले, जुने ५ व्होल्टचे सेन्सर यांच्यात राहायचं असेल आणि ब्रेडबोर्डवर बसणारी चिप हवी असेल तर ३२८पी च्या ऐवजी एव्हीआर१२८डीए२८ बघा: १.८ ते ५.५ व्होल्ट, २४ मेगाहर्ट्झ, १२८ किलोबाइट फ्लॅश, १६ किलोबाइट रॅम आणि २८ पायांच्या डिपमध्येही मिळते. लोक तिच्याकडे का दुर्लक्ष करतात कळत नाही. नवीन काम ८०५१ वर सुरू करायचं कारण अभ्यासक्रम सोडून फारसं उरलेलं नाही.

संगणक आतून कसा चालतो हे शिकायचं असेल तर झेड८० किंवा ६५सी०२. नव्याने सुरुवात करणाऱ्याने ६५सी०२ घ्यावी, एक तर ती बनते आहे, दुसरं म्हणजे ती ३.३ व्होल्टवरही चालते, ८ मेगाहर्ट्झपर्यंत. त्यामुळे एक झकास जोडणी शक्य होते: पिकोच तिची रॉम, रॅम आणि क्लॉक बनते, मधे एकही लेव्हल शिफ्टर लागत नाही. झेड८० ला हे थेट जमत नाही. तो ५ व्होल्ट बाहेर काढतो, पिकोकडे येणाऱ्या प्रत्येक ओळीत ३.३ व्होल्टवरची ७४एलव्हीसी२४५ लागते.

६५सी०२ जोडताना तीन गोष्टी. पिन १ जुन्या ६५०२ मध्ये जमीन होती, या आवृत्तीत ते आउटपुट आहे, मोकळं सोडा. जुना आराखडा बघून जमिनीला बांधलं तर आउटपुट शॉर्ट. आरडीवाय पिन ३.३ व्होल्टला थेट नको, रेझिस्टरमधून बांधा, कारण ‘वाट बघ’ या आज्ञेत चिप स्वतः ती खाली ओढते. आणि पिनांची मोजणी आधी करा: पत्त्याच्या १६, डेटाच्या ८, वाचणे-लिहिणे १, क्लॉक १, म्हणजे २६. पिकोवर मोकळ्या पिना बरोबर २६, रीसेटला एकही उरत नाही. ए१५ सोडून द्या. ३२ किलोबाइट पुरतात, आणि चिप रीसेटनंतर एफएफएफसी वर सुरुवातीचा पत्ता शोधायला जाईल तेव्हा पिकोला ७एफएफसी दिसेल, तो पत्ता तिथे ठेवा.